सुकडी, साखर आणि सुटलेलं पोट

कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी सकाळच्या मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद केला आणि पीडीएफ उघडली. पहिल्याच पानावर बीएमआय २३.९, समोर हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. बरं वाटलं. चौथ्या पानावर एचबीए१सी ६.१, लाल अक्षरांत. गेल्या तीन महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारा हा आकडा, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसचा उंबरठा. पुढच्या पानावर सोनोग्राफी : फॅटी लिव्हर, ग्रेड १. वय वर्षं २८.

आमच्या कामात एकाच सिस्टिमचे दोन लॉग एकमेकांशी भांडायला लागले की पहिला प्रश्न हा असतो, यातला कोण खोटं बोलतोय? पान एक म्हणतंय माणूस ठीक आहे. पान चार म्हणतंय नाही. मी पान एकच्या मागे लागलो आणि शोधत शोधत जिथे पोचलो ती जागा माझ्या जन्माच्या २४ वर्षं आधीची निघाली. सोलापूर जिल्ह्यातला एक माळ, मे महिना, आणि खडी फोडायला बसलेली माझी आजी.

आधी आजीचं थोडं सांगतो. दिवाळीला घरी गेलो की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "लई वाळलास रं. पुण्यात जेवायला मिळत न्हाई का?" टी-शर्टखालून माझं पोट तिच्या डोळ्यांसमोर असतं, पण तिला ते दिसत नाही. ती मनगट बघते, गाल बघते. आपली भाषाही तिच्याच बाजूची आहे. कुणाचं वजन वाढलं तर आपण म्हणतो 'तब्येत सुधारली'. घटलं तर 'तब्येत उतरली'. बाळ गुबगुबीत झालं की त्याने 'बाळसं धरलं'. स्थळ बघायला आलेला मुलगा दोंदिल असेल तर तो 'खात्यापित्या घरचा'. ज्या मुलखात पाऊस दर चार-पाच वर्षांनी दगा देतो, तिथे अंगावरची चरबी म्हणजे घरातली शिल्लक कणगी. जाडीला नाव ठेवणारे शब्द मराठीत कमी नाहीत, ढोल्या आहे, भोपळा आहे, पण त्यांच्यात चेष्टा आहे. भीती सगळी 'हडकुळा' आणि 'खंगलेला' या शब्दांत आहे.

चरकसंहितेत एक अध्याय आहे, निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांची चर्चा एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी येते. आपण पुढे या दोघांची दोन खाती केली. एक गरिबांचं, एक श्रीमंतांचं. त्या वाटणीने आपली बरीच फसवणूक केली आहे असं मला आता वाटतं.

*

१९७० पासून सलग तीन वर्षं महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस कमी झाला आणि १९७२ ला तर गणितच संपलं. आजही आमच्याकडे म्हातारी माणसं वय सांगताना 'बहात्तरच्या दुष्काळाआधी' किंवा 'नंतर' अशीच सांगतात. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारने गावोगाव दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यात जवळपास ५० लाख माणसं होती. त्या वेळच्या महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती, म्हणजे दहातला एक माणूस रस्त्यावर खडी फोडत होता किंवा माती वाहत होता. यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना कायद्यात उतरली. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून अंमल.

ही साधी गोष्ट नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात याच दख्खनमध्ये माणसं लाखोंनी मेली होती. १९७३ मध्ये तसं झालं नाही. माणसं अर्धपोटी राहिली, पण जगली. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. कामावरच्या मजुरांना आणि पोरांना सुकडी मिळायची. आजी सुकडीबद्दल बोलते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसते, आठवण असते. "ग्वाड लागायची," म्हणते.

त्या उन्हाळ्यात ती गरोदर होती. तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे : "पोटात तुझा बाप हुता अन् हातात हातोडी." पप्पा १९७३ च्या आषाढात जन्मले. त्यांना ३९ व्या वर्षी डायबेटिस निघाला. हातपाय काड्या आणि पोट माठासारखं, अशी त्यांची अंगकाठी आहे. आमच्या भावकीत त्यांच्या वयाचे असे बरेच चुलते आहेत आणि घरात कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

*

आता त्या हिरव्या आकड्याकडे येतो. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या अडोल्फ केतले याचं, १८३० च्या दशकातलं. केतले डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, लठ्ठपणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. ते सूत्र शंभरेक वर्षं असंच पडून होतं. ते उचललं अमेरिकेतल्या अॅन्सेल कीज यांनी. पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं घेऊन त्यांनी सांगितलं, चरबीचा अंदाज घ्यायला उपलब्ध सूत्रांत हेच त्यातल्या त्यात बरं, आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्या पाच देशांत भारत नव्हता. बायकाही नव्हत्या. हा शोधनिबंध छापून आला १९७२ मध्ये.

साल वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण याच कीज यांचं त्याआधीचं काम माहीत झालं तेव्हा मला ते जास्त महत्त्वाचं वाटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, त्यांनी मिनेसोटात ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्या माणसांना परत कसं खाऊ घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. प्रयोग संपल्यावर त्या तरुणांना पोटभर अन्न मिळालं तेव्हा त्यांच्या अंगावर आधी परतली ती चरबी, आणि ती पूर्वीपेक्षाही जास्त साठली. स्नायू मागे राहिले. म्हणजे बीएमआयला नाव देणाऱ्या माणसाने, उपाशी शरीराला अन्न दिसलं की ते काय करतं, हे आधीच लिहून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच्याच कपाटात होत्या.

*

यापुढची गोष्ट पुण्यात घडते. सांगायला अभिमान वाटतो, कारण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेलं हे काम माझ्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर झालं आहे.

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर १९८० च्या दशकापासून एक गोष्ट मांडत होते, जी सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना पटली नाही. जन्मताना वजन कमी असलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकार आणि डायबेटिस जास्त होतो. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की गर्भ काटकसर करतो; मेंदूला वाचवतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्यावरचा खर्च कापतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा प्रश्न आपल्याकडे आणला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि मग त्यांच्या मुलांची नोंद ठेवायला सुरुवात झाली.

त्या आयांचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो होतं. बाळांचं २.७ किलो. साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आठशे ग्रॅमचा हा फरक अंगावर सगळीकडे सारखा पडायला हवा होता. तसा पडला नव्हता. आपली बाळं उंचीने कमी, पोटाकडची इंद्रियं लहान, स्नायू फारच कमी. पण खांद्याच्या पात्याखाली चिमटा घेऊन चरबीची घडी मोजली तर ती जवळपास गोऱ्या बाळांइतकी. २००३ मध्ये हे छापून आलं आणि शब्द रूढ झाला : 'थिन-फॅट' भारतीय बाळ. वरून हडकुळं, आतून मेदाळ. म्हणजे आपल्यातले कित्येक जण जन्मतःच असे निघतात. वडापाव, मोबाईल, झोमॅटो यांपैकी कुणीही तोवर त्यांच्या आयुष्यात आलेलं नसतं.

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आणखी एक गोष्ट तपासली. गरोदरपणात ज्या बायकांना शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त, त्यांची बाळं लहान. ज्यांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध जास्त, त्यांची मोठी. हे वाचताना मला अर्थातच हातोडी आठवली. एका माणसाच्या डायबेटिसवरून दुष्काळाला आरोपी करता येत नाही, ते मला कळतं. आजीच्या पोटी चार मुलं झाली आणि ती चारही वेळा शेवटच्या महिन्यापर्यंत राबली. दुष्काळ एकदाच आला होता.

आणि मग २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी एक पानभर मजकूर छापला, तो मी मित्रांना हमखास पाठवतो. त्यात दोन डॉक्टरांचा फोटो आहे, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यंत्राने चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे; आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाणं, अशी कबुली याज्ञिकांनी देऊन टाकली आहे. स्वतःच्या पोटाचा फोटो पुरावा म्हणून देणारा शास्त्रज्ञ मला फार आवडला.

सहा गावांतली ती मुलं १९९४ ते ९६ दरम्यान जन्मली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. ती १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडायला लागली होती. त्याच वेळी त्या सगळ्यांतले ४८ टक्के बीएमआयच्या हिशेबाने कमी वजनाचे होते. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हीही वाचा.

*

पण नुसतं शरीर काटकसरी असून पोट सुटत नाही. खायला मिळावं लागतं आणि काम थांबावं लागतं. हे दोन्ही आमच्या गावात कसं झालं ते मी घरात बसून विचारलं.

भीमेवरचं उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. त्याआधी आमच्या रानात मालदांडी ज्वारी, करडई, तूर, थोडी मटकी. करडईचं तेल घाण्यावरून यायचं आणि ते इतकं मोजून वापरलं जायचं की भाजीवर तवंग आला तर आजीची सासू बोलायची. कालव्याचं पाणी आलं आणि रानात ऊस उभा राहिला. आज सोलापूर हा राज्यातला सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. दुष्काळी म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं, तो. उसाने पैसा आणला, पप्पांचं शिक्षण उसावर झालं, माझं इंजिनिअरिंगही. त्यामुळे उसाला शिव्या देताना माझी जीभ अडखळते. पण ज्वारी रानातून गेली तशी ताटातूनही गेली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळायचा, ज्वारी नाही. भाकरीच्या जागी चपाती आली, आणि चपातीला तेल लागतं.

ते तेलही बदललं. रेशनच्या पामतेलाची चव पप्पांच्या पिढीला माहीत आहे. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, पुढच्या काही वर्षांत आयात शुल्क उतरलं, आणि घाण्यावरच्या करडईला मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलाशी भावात टिकणं शक्य राहिलं नाही. आज देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. फरसाण, बिस्किटं, शेव, गाड्यावरची भजी, सगळं त्यावर उभं आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराने वडापाव खाल्ला तेव्हा त्याला पुढे आठ तास साच्यावर उभं राहायचं होतं. तोच वडापाव मी खातो आणि खुर्चीत जाऊन बसतो. बिचारा वडापाव तसाच आहे.

पप्पा पतसंस्थेत क्लार्क झाले. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने यायला लागला, विहिरीवर मोटर बसली, दारात हिरो होंडा आली. आजोबा दिवसाला जेवढं चालायचे तेवढं पप्पा आठवड्यात चालत नव्हते. आणि पाहुणा आला की चहा, साखर दोन चमचे, नाही म्हटलं तर अपमान. साखर तोडायला मात्र बीडकडून टोळ्या येतात. भल्या पहाटे डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या त्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांतली एकही जाड आठवत नाही. पुण्यातल्या त्या सहा गावांतल्या आयांसारख्या दिसतात त्या.

*

त्यामुळे 'महाराष्ट्रातला लठ्ठपणा' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठला? १९९१ ते ९७ दरम्यान मुंबईत मतदार याद्यांवरून सुमारे १ लाख ४८ हजार माणसांची नोंद घेतली गेली, पस्तिशीच्या पुढच्या. नंतर त्यांतलं कोण कधी गेलं ते तपासलं तर सर्वांत जास्त धोका अगदी बारीक माणसांना होता. टीबी हे त्यातलं मोठं कारण. हे देशाच्या आर्थिक राजधानीत, उदारीकरणाच्या दशकात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या साधारण ३६ टक्के बायका कमी वजनाच्या आणि १४-१५ टक्के जास्त वजनाच्या होत्या. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात कमी वजनाच्या २०.८ टक्के आणि जास्त वजनाच्या २३.४ टक्के. तराजू पलटला, पण दुसरं पारडं रिकामं झालं नाही. त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ही मुलं २०५० पर्यंत माझ्या वयाची झालेली असतील आणि कुणाच्या तरी ऑफिसात खुर्चीवर बसलेली असतील.

आपली यंत्रणा भुकेच्या काळात बांधलेली आहे. अंगणवाडी १९७५ ची. तिथला वजनकाटा पाच वर्षांखालच्या मुलासाठी, मग पुन्हा वजन होतं ते बाई गरोदर राहिल्यावर. मधल्या वर्षांत बाईला आणि मोठेपणी पुरुषाला फारसं कुणी बोलावून मोजत नाही. लठ्ठपणाची चर्चा होते ती वेगळ्याच ठिकाणी. २०१८ च्या आसपासचे दिवस आठवा : प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दीक्षित की दिवेकर. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून निघालेली दोनदाच जेवायची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेली, आणि ऋजुता दिवेकर म्हणत होत्या की दर दोन तासांनी थोडं खा, तूप सोडू नका. राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून दीक्षितांना घेतलं. पप्पांनीही चार महिने दोन वेळच्या जेवणावर काढले आणि सहा किलो उतरवले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दोन्ही बाजूंचा वाद, कधी खायचं हे ज्याला ठरवता येतं त्याच्यासाठी होता. ट्रॉलीवर मोळी चढवणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही, 'तुम्ही कोणत्या बाजूच्या?'

राहिला माझा हिरवा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सांगितलं होतं की आशियाई माणसांसाठी धोक्याची पहिली पायरी २५ वर नाही, २३ वर धरा. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये छापलेल्या सहमतीत २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं आणि कमरेची मर्यादा घातली : पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८०. माझ्या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी २५ हा जुना आकडा लिहून ठेवला आहे. ओळ एकच असणार. माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिली असणार, आणि लिहिताना त्याला वाटलं असणार की हा आकडा जगभर सारखाच असतो. मी त्यांना ईमेल पाठवला. तिकीट नंबर आला आहे.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आईच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढली. पप्पांची कंबर ४१ इंच. माझी ३७, म्हणजे ९४ सेंटिमीटर. आजी पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "माझी मोज की." मोजली. २७ भरली.

"जास्त हाय का कमी?"

"कमी आहे."

"मंग ते बरं म्हणायचं का वाईट?"

मी टेपकडे बघत राहिलो. पप्पा हसले, माझ्या हातातून टेप घेतली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागले. आजी उठून आत गेली, माझ्यासाठी भाकरीवर तूप घालायला.